छायाचित्रकाराचा संयम

नवी मुंबईच्या खाडीकांठीं रोहित पक्षी उतरले म्हणजे त्यांच्यामागोमाग कॅमेरेवाल्यांचीही दाटी होते. तें दृश्य पाहून आम्हांस खाडीपलीकडील मुंबईंतील या कलेचा आरंभ आठवतो. इ. स. १८५४ मध्यें तेथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. त्या सुमारास रूढ होऊं लागलेल्या कलोडियनच्या रीतींत, कांच ओली आहे तोंच चित्र घेऊन ती रसायनांत धुवावी लागे. एक कांच फुकट गेली कीं सारा खटाटोप पुनः करणें आलें. म्हणून चौकटींत काय घ्यावें व काय वगळावें, याचा विचार आधींच करावा लागे. आतां क्षणांत अनेक चित्रें निघतात, आणि यंत्रानें लादलेला तो संयम सुटला आहे. तो आपला आपणच पाळला पाहिजे. चित्राच्या लोभानें पुढें सरसावून थवा उडविणारा मनुष्य पक्ष्यांचा घांस व विसांवा हिरावतो, आणि शेजाऱ्याचें चित्रही बिघडवितो. चौकट साधणें ही कला खरी. परंतु पाऊल आवरणें हें तिचें पहिलें अंग होय, असें आम्हांस वाटतें.