निरुपद्रवी ठरलेला जंतू

सूतिकाज्वर हा एके काळी बाळंतिणींचा कर्दनकाळ होता. तो आणणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंची गटवारी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील विदुषी रेबेका लान्सफील्ड यांनी १९३३ साली लावली. १९३५ साली रोनाल्ड हेअर यांच्यासह त्यांनी प्रसूत स्त्रियांच्या ठायी आढळणारे जंतू तपासले. घातक ज्वरामागे ‘ए’ गट होता. ‘बी’ गट मात्र गंभीर ज्वर नसलेल्या मातांच्या अंगीही नांदत होता. साहजिकच तो निरुपद्रवी गणला गेला. १९३८ साली त्याने घेतलेल्या तीन बळींची नोंद झाली, तरी ते अपवादच वाटले.

परीक्षा मातेपुरतीच झाली होती; अर्भकाचा विचार कोणी केला नव्हता. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील नवजातांच्या रक्तदूषणाचे एक प्रमुख कारण म्हणून हाच जंतू पुढे आला. मातेकडून तो प्रसूतीच्या वेळी बालकाकडे जात होता. १९८६ साली शिकागोच्या बॉयर व गॉटॉफ यांनी दाखवून दिले, की वाहक मातेला प्रसूतिवेदना सुरू असतानाच अँपिसिलिन दिले तर बालक बचावते.

जगात सुमारे पाचांपैकी एक गर्भवती या जंतूची वाहक असते. ती रोगी नसते, दोषीही नसते. तिची तपासणी करावयाची ती बालकासाठी, हे कळावयास अर्धे शतक लागले.