रेघांतील इतिहास

इतिहास म्हणजे राजांच्या लढाया व तह, अशी आमची समजूत झालेली असते. जपानी चित्रकार होकुसाई (१७६०–१८४९) याचा ‘मांगा’ हा रेखाचित्रसंग्रह चाळतांना ती डळमळते. त्याचा पहिला भाग १८१४ सालीं निघाला. पंधरावा १८७८ सालीं, होकुसाईच्या पश्चात्. मल्ल, कारागीर, लठ्ठ व किडकिडीत माणसें, सारींच त्यांत आहेत. मध्यंतरीं, १८६८ सालीं, एदोचें तोकियो झालें; राहणी पालटली, पण कामांत गढलेला तो कारागीर कागदावर तसाच राहिला.

आमच्या पेठांतील पाणक्याची पाठ कशी वांकत असे, हें कोणती बखर सांगते? म्हणून चित्रकलेच्या विद्यार्थ्यानें खिशांत वही बाळगावी व रोज एक तरी माणूस रेखाटावा, असें आम्हांस वाटतें.