सांडशी, चिमटा आणि गळ : स्वस्त-महागाचा जुना हिशेब

(मांजरसुंबा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मांजरसुंब्याला एरवी आपण उतरतो ते गाडी बदलायला नाहीतर घाट चढून आल्यावर चहा प्यायला. बीड, केज, पाटोदा, सोलापूर अशा चारी वाटा इथे भेटतात. पाण्याच्या वाटाही इथून लांब नाहीत. याच बालाघाटात उगम पावून मांजरा पूर्वेला जाते, बिंदुसरा खाली बीडकडे उतरते आणि शेवटी दोघींचं पाणी गोदावरीलाच मिळतं. तेव्हा इथे बसून मासे आणि गळ यांवर बोललो तर फार विषयांतर होणार नाही.

निमित्त झालं ते असं. आत्ता व्याख्यानाआधी दोन तरुण भेटले. तलावावर गळ टाकायचा त्यांना नवा नाद लागलाय. नुसत्या कणकेच्या गोळीवर त्यांचं भागत नाही. पिसं आणि दोरा बांधून केलेली खोटी माशी गळावर लावायची आणि ती पाण्यावर अलगद टाकायची, हा प्रकार त्यांना शिकायचाय. आणि मासा धरला की परत सोडायचा. त्यांनी विचारलं, ‘माशाच्या तोंडातून गळ काढायला दवाखान्यातला तो कात्रीसारखा चिमटा घ्यायचाय. एक शे-दीडशेला मिळतो, एक हजारांत. दिसायला दोन्ही सारखेच. घ्यायचा कोणता?’

डॉक्टर मंडळी त्याला आर्टरी फोर्सेप म्हणतात. रक्तवाहिनी दाबून धरायची, मागची दातेरी कडी अडकवायची आणि हात मोकळा करायचा, एवढंच त्याचं काम. पण प्रश्न ऐकला आणि आमच्या मनात आलं, हा प्रश्न फार जुना आहे. याचं उत्तर या देशात दीड-दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

सुश्रुतसंहितेत यंत्रांचा एक अध्याय आहे. तिथे एकशे एक यंत्रं सांगितली आहेत. त्यांत चोवीस स्वस्तिकयंत्रं, म्हणजे दोन पाती एकमेकांवरून फुलीसारखी जाणारी. त्यांची तोंडं सिंह, वाघ, कावळा, कंक अशा पशुपक्ष्यांच्या तोंडांसारखी आणि नावंही तीच. दोन्ही पाती जोडणारा खिळा मसुराच्या डाळीएवढा. या सगळ्यांत कंकमुख श्रेष्ठ. कंक म्हणजे बगळ्याच्या जातीचा पक्षी. त्याची चोच खोल जाते, धरलेलं सोडत नाही आणि सहज बाहेर येते. माशाच्या घशातला गळ काढणाऱ्याला याहून वेगळं काय हवं असतं?

याच अध्यायात संदंश नावाचं यंत्र आहे. हा शब्द तुमच्या घरात रोज वापरला जातो. संदंशाचीच आपली सांडशी झाली. आता बघा, बाजारातून स्वस्तातली सांडशी आणली की पहिले दोन महिने ती झकास चालते. मग खिळा ढिला होतो, तोंड तिरकं बसायला लागतं आणि एक दिवस उकळत्या दुधाचं पातेलं कलंडतं. सांडशीचं काही जात नाही. भाजतं ते आपल्या आईच्या हाताला.

सुश्रुताने यंत्रांचे बारा दोष मोजलेत. फार जाड, फार लांब, फार आखूड, वाकडं, हे तर कुणालाही दिसतील. पण पुढचे ऐका. असार, म्हणजे धातूतच कस नसलेलं. अग्राही, म्हणजे न धरणारं. विषमग्राही, एका बाजूला धरणारं आणि दुसरीकडे सोडणारं. शिथिल, म्हणजे ढिलं. मृदुकील, ज्याचा खिळा मऊ आहे ते. मृदुमुख, ज्याचं तोंड मऊ आहे ते. या यादीत चकाकी नाही, किंमत नाही, कारागिराच्या गावाचं नावही नाही. सगळी परीक्षा खिळ्याची, तोंडाची आणि लोखंडाची.

आता युरोपात जाऊ. सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये आंब्रुआझ पारे हा लष्करी शल्यविशारद होऊन गेला. तोवर तोडलेल्या पायाचं रक्त थांबवायला तापलेल्या लोखंडाने डाग देत. पारेने रक्तवाहिनी चिमट्यात धरून दोऱ्याने बांधायची पद्धत रूढ केली. त्याच्या चिमट्याचं नाव होतं ‘कावळ्याची चोच’. इथे कंक, तिथे कावळा! दोन देशांतल्या माणसांना चांगली पकड पाहिजे म्हटल्यावर पक्ष्याची चोचच आठवली.

पण पारेचा चिमटा हाताने दाबून धरावा लागे. हात काढला की पकड गेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्ट्रासबुर्गचा कोबेर्ले आणि पॅरिसचा पेआँ यांनी अडकून राहणारे चिमटे शस्त्रक्रियेत रुळवले. आधी कुणी, यावरून दोघांचं भांडणही झालं. लंडनच्या स्पेन्सर वेल्सने त्यात सुधारणा केली आणि त्याचं नाव आजही एका चिमट्याला आहे. डॉक्टर एकेक रक्तवाहिनी पकडून चिमटा तसाच लटकत ठेवू लागले आणि पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया आवाक्यात आल्या. या सगळ्याचा भार त्या मागच्या दोन-तीन दातांवर. एक दात निसटला तर माणूस गेला.

मग 1913 साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने न गंजणारं पोलाद केलं. त्याआधीच्या चिमट्यांवर निकेलचा मुलामा असे आणि तो उडाला की गंज धरे. आज जर्मनीतलं टुटलिंगेन आणि पाकिस्तानातलं सियालकोट ही दोन गावं अशा हत्यारांसाठी जगभर ओळखली जातात. अगदी स्वस्त आणि अगदी चांगला, दोन्ही तऱ्हेचा माल एकाच गावातून निघू शकतो, हे मात्र लक्षात ठेवा. गावाच्या नावावर खरेदी करू नका.

आता म्हणाल, माशांचं काय? मंडळी, गळाने मासे धरायचा शौक इंग्रजांनी आणला असं आपण समजतो. ट्राउट मासा त्यांनी 1900 च्या सुमारास काश्मीरच्या ओढ्यांत सोडला हे खरं, आणि खोट्या माशीचा खेळही त्यांचाच. पण आपला हा मुलूख बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांकडे होता. त्यांच्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद आहे. मासे कोणते, त्यांना आमिष कसलं, दोरी कशाची, काठी कशी, हे सगळं त्यात आलंय. म्हणजे तलावावर काठी धरून बसलेला आपला पोरगा नऊशे वर्षांची जुनी गादी चालवतोय!

फरक एकच. पूर्वी धरलेला मासा खायचा, त्यामुळे गळ कसाही उपसला तरी चाले. आता धरून सोडायचा रिवाज आलाय. महसीर मासा कमी होत गेला तसं लोणावळ्याला वळवण धरणावर टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून नद्यांत सोडली. इतक्या कष्टाने वाढवलेला मासा गळ काढताना मेला, तर सोडण्याला अर्थ काय?

आमच्याच हातून एकदा असं झालं. बीडजवळच्या एका तलावावर रोहू लागला. गळ खोल गेलेला. बाजारातून घेतलेला नवाकोरा चिमटा आत घातला, कडी अडकवली, ओढला, तर कडी सुटली. पुन्हा धरला, पुन्हा सुटली. उजेडात पाहिलं तर चिमट्याची टोकं एकमेकांना भिडतच नव्हती. विषमग्राही! मासा बराच वेळ पाण्याबाहेर राहिला. शेवटी सोडला तेव्हा पोट वर करून तरंगला. चिमट्यात वाचवलेले पैसे त्या माशाने भरले.

तेव्हा या दोघा तरुणांना आमचं उत्तर असं.

पहिलं, लोहचुंबक लावून परीक्षा करू नका. स्टीलच्या भांड्याला चुंबक चिकटला नाही की स्टील चांगलं, असा आपला समज आहे. चिमट्याला तो लागू नाही. धार आणि पकड टिकायला जे कठीण पोलाद लागतं त्याला चुंबक चिकटतोच.

दुसरं, चिमटा मिटून उजेडासमोर धरा. टोकं आधी भिडली पाहिजेत आणि कडी दाबत गेलं की फट मागे मागे बंद होत गेली पाहिजे.

तिसरं, पहिल्याच दातावर कडी अडकवून चिमट्याची मागची बाजू तळहातावर आपटा. सुटला तर परत द्या.

चौथं, दोन्ही कड्या दोन हातांत धरून हलवा. खिळ्यात खुळखुळ असेल तर तो मृदुकील. चांगल्या चिमट्यात एक पात दुसऱ्याच्या पोटातून आरपार गेलेलं असतं, त्यामुळे जोड इकडेतिकडे सरकत नाही. स्वस्तात पातं पातावर ठेवून नुसता स्क्रू मारलेला असतो.

या परीक्षांत उतरला तर शे-दीडशेचा चिमटा माशासाठी खुशाल घ्या. काम झालं की धुऊन, पुसून, खिळ्यावर तेलाचा थेंब टाका. हजारांचा घेऊन ओला ठेवलात तर तोही गंजेल.

पण दवाखान्याची गोष्ट निराळी. या चौकात, या घाटात अपघात होतात. जवळचा डॉक्टर कडी अडकवतो आणि दुसऱ्या जखमेकडे वळतो. वळताना त्याला त्या चिमट्यावर विश्वास टाकावा लागतो. तिथे मुळातच हलक्या मालात घासाघीस करायची नाही. आणि एक, दवाखान्यातून बाद झालेला चिमटा तलावावर गेला तरी चालेल. तलावावरचा चिमटा दवाखान्यात परत येऊ देऊ नका.

वस्तू घेताना आपण विचारतो, केवढ्याला पडली? सुश्रुताची यादी वाचली की दुसरा प्रश्न सुचतो, ही निसटली तर कुणाला पडेल? पातेलं धरणारी आई, गळ लागलेला मासा, टेबलावरचा जखमी माणूस, यांच्यापैकी कुणीही दुकानात आपल्याबरोबर आलेलं नसतं. त्यांच्या वतीने खिळा हलवून बघायचं काम आपलं आहे.