परतणाऱ्या वाटा आणि एक नष्ट केलेली आवृत्ती

पाठभेदांचे मोल साहित्याच्या अभ्यासकांना निराळे सांगायला नको. रद्द झालेला पाठ कधी कधी छापील पाठापेक्षा अधिक बोलका असतो. आम्ही येथे अशाच एका रद्द पाठाची हकिकत सांगत आहोत. मात्र तो पाठ काव्याचा नसून गणिताचा आहे.

स्वीडन-नॉर्वेचा राजा दुसरा ऑस्कर याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त १८८५ साली एक गणिती स्पर्धा जाहीर झाली. परस्परांना आकर्षित करणाऱ्या अनेक गोलांची गती सर्व काळासाठी सांगता येईल काय, हा तीतला एक प्रश्न. १८८९ च्या जानेवारीत फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांना पारितोषिक मिळाले.

तीन गोलांचेही कोडे त्यांना पूर्ण सुटले नव्हते. त्यांनी वाट वेगळी धरली. हॅमिल्टन यांनी १८३० च्या दशकात गतिशास्त्राला जे रूप दिले त्यात घर्षणाने ऊर्जा झिजत नाही, आणि सर्व गोलांची स्थाने व संवेग मिळून एकच बिंदू मानला जातो. हा बिंदू ज्या वाटेने सरकतो ती कक्षा. काही मोजक्या कक्षा ठरावीक काळाने जेथून निघाल्या नेमक्या तेथेच परततात. त्या आवर्ती कक्षा. प्रत्यक्षातला ग्रह नेमका अशा कक्षेवर सापडण्याची शक्यता शून्यवतच. तरीही अभेद्य मानलेल्या किल्ल्यात शिरण्याचे हे एकमेव खिंडार आहे, अशा अर्थाचे उद्गार प्वांकारे यांनी १८९२ साली काढले. कारण परतणारी वाट कळली की शेजारच्या वाटांची परीक्षा करता येते: त्या तिच्याभोवतीच घुटमळतात, की दुरावत जातात? व्यवस्थेचा स्वभाव तेथे उघड होतो.

आणि नेमके तेथेच ते चुकले होते. अस्थिर आवर्ती कक्षेपासून दूर जाणाऱ्या वाटांचे एक पृष्ठ बनते, तिच्याकडे येणाऱ्यांचे दुसरे. ही दोन्ही सुबकपणे जुळतात असे मानून त्यांनी स्थैर्याचा निष्कर्ष काढला होता. छपाईच्या वेळी फ्राग्मेन या तरुण गणितज्ञाने काही जागी शंका विचारल्या. त्यांची उत्तरे शोधताना प्वांकारे यांना ही दुसरीच चूक दिसली. वाटलेल्या प्रती परत मागवून नष्ट करण्यात आल्या. पारितोषिक २,५०० क्राउनचे होते. फेरछपाईचा साडेतीन हजारांहून अधिक खर्च प्वांकारे यांनी स्वतः सोसला.

१८९० च्या पाठात ती पृष्ठे जुळत नाहीत; एकमेकांना छेदतात, आणि एकदा छेदली की अनंत वेळा छेदतात. त्यातून विणले जाणारे जाळे रेखाटण्याचा प्रयत्नही आपण करणार नाही, असे त्यांनी १८९९ साली लिहिले. पुढे ज्याला ‘केऑस’ हे नाव पडले त्याचे हे आरंभीचे दर्शन. मात्र केऑस हाही शेवटचा शब्द नव्हे: १९५४ साली कोल्मोगोरोव यांनी दाखविले, की व्यवस्था किंचित विचलित झाली तरी शिस्तबद्ध गती बऱ्याच अंशी टिकून राहते.

रद्द आवृत्तीची एक प्रत स्टॉकहोमजवळच्या मिताग-लेफ्लर संस्थेत उरली आहे. दोन्ही पाठांत आवर्ती कक्षा त्याच आहेत. बदलले ते त्यांच्या शेजाराचे वाचन. पहिला पाठ लपवावासा वाटणे स्वाभाविक होते, परंतु तो उरला म्हणूनच दुसऱ्याची किंमत आम्हांला कळते.