सातारा-सांगलीची वने आणि अवर्षण : एका संशोधनप्रश्नाचा इतिहास

प्रस्तावना

अवर्षण आणि उष्मा यांना वनवृक्ष कसे तोंड देतात, हा आज वनस्पतिशास्त्रातील पीएच.डी. संशोधनाचा एक महत्त्वाचा विषय आहे. इतिहासाच्या अभ्यासकाचा त्याच्याशी काय संबंध, असे सहकारी प्राध्यापक विचारतात. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न होय. सातारा आणि सांगली हे जिल्हे येथे एकत्र घेतले आहेत, कारण त्यांचे जुने दप्तर बव्हंशी एकच आहे. १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्याचेच आहेत. १९४९ साली उत्तर व दक्षिण सातारा अशी विभागणी झाली आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. आटपाडी मात्र औंध संस्थानात होती व जत हे वेगळे संस्थान होते, त्यामुळे त्या भागाचे कागद निराळे शोधावे लागतात.

या प्रदेशाचे वैशिष्ट्य म्हणजे पावसाचा तीव्र उतार. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरवरील माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. एकीकडे जांभूळ, अंजनी, पिसा यांचे सदाहरित वन, तर दुसरीकडे हिवर, बाभूळ, बोर, खैर यांचे काटेरी वन. निसर्गाने मांडून ठेवलेली ही प्रयोगशाळाच म्हणावी लागेल.

प्रश्नाची दिशा

एकोणिसाव्या शतकात प्रश्न नेमका उलटा होता. १८४७ साली मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झालेले डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना चिंता होती ती जंगल तोडल्याने झरे आटतील व हवामान कोरडे होईल याची. १८४८ मध्ये सातारा राज्य खालसा झाले, पुढे १८७८ चा वन कायदा आला आणि राखीव वनांच्या सीमा आखल्या गेल्या. या सर्व काळात झाड हे पाण्याचे रक्षक मानले गेले. स्वतः झाडाला तहान लागते, ते पाण्यावाचून मरते, हा चौकशीचा विषय नव्हता.

१८९४ साली डब्लिन येथे डिक्सन आणि जोली यांनी असे मांडले की, पानांतील बाष्पोत्सर्जनाने निर्माण होणाऱ्या ओढीमुळे पाण्याचा अखंड स्तंभ खोडातून वर चढतो. जमीन कोरडी पडली की ही ओढ वाढते. ती मर्यादेपलीकडे गेली की जलवाहिनीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि स्तंभ तुटतो. १९६५ मध्ये शोलँडर यांच्या दाबपात्र पद्धतीमुळे ही ओढ प्रत्यक्ष रानात मोजता येऊ लागली. २०१२ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात २२६ वनवृक्ष जाती तपासण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे ७० टक्के जाती धोक्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ जगतात आणि हे ओल्या वनांनाही लागू आहे, असे त्यात आढळले.

हा निष्कर्ष आपल्याकडे विशेष विचार करण्याजोगा आहे. महाबळेश्वरचा पाऊस मुख्यतः चार महिन्यांचा, आणि तेथील जांभ्यावरील मातीचा थर अनेक ठिकाणी उथळ. पानझडी वनातील काटेसावर आणि पांगारा पाने टाकून उन्हाळा काढतात व निष्पर्ण अवस्थेतच फुलतात. सदाहरित झाडाला ती सोय नाही. वार्षिक सरासरीचे आकडे पाहून ‘तिकडे कसला दुष्काळ’ असे म्हणणे म्हणूनच घाईचे ठरेल.

दप्तरातील मौन

१८७६-७७, १८९६-९७, १८९९-१९०० आणि १९७२-७३ या दुष्काळांचे कागद विपुल आहेत. त्यांत पिके, गुरे, तगाई, मजूर यांची नोंद सापडते, परंतु किती झाडे वाळली हे विचारण्याचे प्रयोजन महसूल खात्याला नव्हते. मात्र एक गोष्ट आडून कळते. दुष्काळाच्या वर्षी वने चराईस खुली करणे हा मुंबई सरकारच्या उपायांचा भाग होता. म्हणजे ज्या वर्षी झाडाला पाणी नसे, त्याच वर्षी त्याचा पालाही गुरांसाठी उतरवला जाई. माणचे काटेरी वन हे केवळ पावसाने घडवलेले नाही, कुऱ्हाड आणि शेळी यांचाही त्यात हात आहे.

वनस्पतिशास्त्राच्या संशोधकाने येथे सावध राहावे असे वाटते. तोडलेल्या बुंध्यातून फुटलेले झाड हे उसाच्या खोडव्यासारखे असते, मुळे जुनी आणि खोड नवे. बियांपासून वाढलेल्या समवयस्क झाडापेक्षा त्याची पाणी मिळवण्याची ताकद अधिक असू शकते. दोन्ही एकाच नमुन्यात मोजली तर निष्कर्ष फसवा निघेल. अशी तोड कोठे व केव्हा झाली याचा माग वनखात्याच्या जुन्या कार्य आयोजनांतून काढता येतो. त्या वाचणे हे इतिहासकाराचे काम आहे.

सागरेश्वर

सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर हे याचे दुसरे टोक. धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरावर हे वन उभे राहिले आणि १९८५ मध्ये त्यास अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर. पाऊस पूर्वीइतकाच बेताचा, पण संरक्षण मिळाले आणि डोंगर हिरवा झाला. उजाडपणाचा सगळा दोष आकाशाला देता येत नाही, याचा एवढा स्पष्ट पुरावा या दोन जिल्ह्यांत मला अन्यत्र दिसलेला नाही. येथील झाडांचे वय ठाऊक असल्याने उष्मा व अवर्षण यांच्या मोजणीसाठीही ते सोयीचे आहे.

राहता राहिला मौखिक पुरावा. १९७२ साली विशीत असलेली, दुष्काळी कामांवर खडी फोडलेली माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. बांधावरचे कोणते झाड त्या उन्हाळ्यात वाळले, कोणते पुन्हा फुटले आणि कोणत्याचा पाला गुरांना शेवटपर्यंत पुरला, हे त्यांना विचारता येईल. माण, खटाव, आटपाडी आणि जत येथील महाविद्यालयांच्या इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांनी एकच प्रश्नावली घेऊन येत्या उन्हाळ्यात हे काम हाती घ्यावे.