सागाचं खोड आणि दुष्काळाचा इतिहास

कयाधूला पूर आला की आपण म्हणतो, वर कुठंतरी जोराचा पाऊस झाला. तो पाऊस आपण पाहिलेला नसतो. कार्यावरून असं कारण ओळखणं, याला न्यायदर्शनात शेषवत् अनुमान म्हणतात, आणि त्याचं परंपरेतलं उदाहरणही फुगलेल्या नदीचंच आहे. त्यावर न्यायसूत्रांतच शंका घेतली आहे: पाणी अडवलं तरी नदी फुगते, त्याचं काय? भाष्यकार वात्स्यायन सांगतो, पावसाच्या पुराला वेग असतो. फेस, पानं, लाकडं वाहून येतात. म्हणजे एकाच खुणेवर विसंबू नये, चार खुणा जुळवाव्यात.

झाडाच्या वाढीची वर्तुळं वाचताना आपण हेच करतो. उष्ण प्रदेशातल्या पुष्कळ झाडांत ती स्पष्ट उमटत नाहीत, सागात उमटतात. कोरड्या दिवसांत साग पानं गाळतो, वाढ थांबते. पुन्हा वाढू लागला की आधी मोठ्या छिद्रांचं लाकूड तयार होतं, आणि वर्षाची सीमा दिसते. पाणी मिळालेल्या वर्षाचं वर्तुळ साधारणपणे रुंद, कोरड्या वर्षाचं अरुंद.

पण किडीनं पानं खाल्ली, शेजारच्या झाडाची सावली पडली, तरी वर्तुळ अरुंदच होणार! म्हणून अनेक झाडांतला रुंद-अरुंद क्रम जुळवून पाहतात. ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञानं उभी केली. त्यासाठी झाड पाडावं लागत नाही. पोकळ गिरमिटानं खोडातून बारीक कांडी काढता येते.

आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले पंत आणि बोरगावकर यांनी १९८३ साली ठाणे भागातल्या सागावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे केरळातल्या सागावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका तयार झाली. तीत अरुंद वर्तुळांची बरीच वर्षं एल निनोच्या अवर्षणांशी जुळतात. भारतीय हवामान खातं स्थापन झालं १८७५ साली. साग त्याच्या जवळजवळ चारशे वर्षं मागे जातो.

आता इतिहासाचा प्रश्न. १८७६-७८ मध्ये दख्खनमध्ये पाऊस हटला, १९७२ मध्येही हटला. पहिल्या वेळी इंग्रजी मुलखात धान्याची निर्यात चालू राहिली, आणि रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचं धान्य दिवसाला एक पौंडावर आणलं. लाखो माणसं मेली. बाहत्तरला आपल्यातल्या अनेकांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली. हाल झाले, पण तसा संहार झाला नाही. त्यातूनच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. झाड पाऊस सांगतं. कोण उपाशी राहिलं आणि का, हे सांगत नाही. निसर्गाचा कोप म्हणून सगळं झाडावर ढकलता येत नाही.

म्हणून दोन्ही पुरावे जपले पाहिजेत. कळमनुरी तेव्हा निजामाच्या राज्यात. इंग्रजी दुष्काळ-अहवालांत आपला मुलूख शोधून भागत नाही. गावात जुना वाडा उतरवताना सागाच्या तुळया विकल्या जातात, दप्तरं रद्दीत जातात. तुळई विकण्याआधी तिचा एक आडवा काप, शक्यतो सालीकडची कड शाबूत ठेवून, आपण काढून ठेवू. वाडा कोणता, लाकूड कुठून आलं म्हणतात, हे त्यावर लिहू. आणि दप्तर रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून पाहू.