तेराव्या मजल्यावरची लिफ्ट

सायकेडेलिक रॉकचा उगम सॅन फ्रान्सिस्कोत दाखवण्याची रूढी आहे. आम्हांला ती मान्य नाही. हा शब्द नावातच धारण करणाऱ्या अगदी पहिल्या ध्वनिमुद्रिकांपैकी एक १९६६ साली टेक्सासातून आली : 'द सायकेडेलिक साउंड्स ऑफ द थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स'. अमेरिकेतल्या कित्येक इमारतींत अपशकुनी म्हणून तेरावा मजला मोजतच नाहीत. शिवाय इंग्रजी वर्णमालेतले तेरावे अक्षर हे मारिजुआनाचे आद्याक्षर. टेक्सासात त्या काळी गांजा जवळ बाळगण्याबद्दल जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या नावातला धीटपणा कळतो.

बँड ऑस्टिनचा, १९६५च्या अखेरीस जमलेला. गायक रॉकी एरिक्सन तेव्हा अवघा अठरा वर्षांचा. केस कापण्यापेक्षा त्याने शाळा सोडणे पसंत केले होते. टॉमी हॉल हा विद्यापीठातला, ग्रंथांत बुडालेला. बहुतेक गाण्यांचे शब्द त्याचे, आणि वेष्टनाच्या पाठीवरचा मजकूरही. ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली ज्ञानाची मांडणी अपुरी आहे आणि रसायनांच्या साहाय्याने चित्ताची अवस्था पालटून माणसाला तिच्यापलीकडे जाता येते, असा त्याचा एकंदर आशय. एलएसडी घेऊनच वादन व्हावे असा हॉलचा आग्रह असे. हे तत्त्वज्ञान आज शिळे वाटते. शिळे झाले नाही ते हॉलचे वाद्य, म्हणजे चक्क एक जग! तोंडाने वाजवायचा हा जग अमेरिकेच्या दक्षिणेतल्या लोकसंगीतातला. हॉल त्याच्या तोंडाशी मायक्रोफोन धरून आत भरभर घुमत्या स्वरांचे पलटे काढी. गाण्यामागे पारवे घुमावेत तसा तो आवाज सतत चालू राहतो. काहींना त्याचा वीट येतो. आम्हांला तो काढून टाकलेली ही गाणी कल्पिता येत नाहीत.

गंमत अशी, की या मुद्रिकेतले सर्वांत गाजलेले गाणे, 'यू आर गॉना मिस मी', हॉलचे नाहीच. ते रॉकीने आधीच रचून 'द स्पेड्स' या बँडबरोबर गायिले होते. मोजके स्वरमेळ, दुखावलेल्या प्रियकराची तक्रार आणि ती किंकाळी : पोरांनी घरच्या गॅरेजमध्ये करावे तसे संगीत. बिलबोर्डच्या यादीत ते ५५व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. तत्त्वज्ञान हॉलचे होते, पण त्याला कंठ मिळाला तो या पोराचा. पुढची 'ईस्टर एव्हरीव्हेअर' (१९६७) अधिक प्रौढ आहे, हे आम्ही नाकारीत नाही.

हिशेब चुकता झाला १९६९ साली. गांजाच्या एका सिगारेटसाठी रॉकी पकडला गेला. तुरुंगवास टाळण्यासाठी वेडेपणाचा बचाव करण्यात आला आणि त्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली. तिथून तो पळाला, तेव्हा त्याला रस्क येथील, गुन्हेगार मनोरुग्णांसाठीच्या सरकारी रुग्णालयात कोंडण्यात आले. तिथे विजेचे झटके होते, थोराझीन होते. रसायनांनी चित्त पालटण्याचा प्रयोग आता सरकार करीत होते. फरक इतकाच, की या वेळी त्याची संमती कोणी विचारली नव्हती. १९७२ साली तो सुटला. त्याच वर्षी लेनी के याने 'नगेट्स' या संकलनात 'यू आर गॉना मिस मी' घेतले आणि पुढच्या पिढ्यांना हा बँड सापडला. रॉकीला मात्र त्यानंतर अनेक वर्षे आजाराशी झुंजावे लागले.

रस्कमध्येही तो गाणी रचीत होता. तिथे ध्वनिमुद्रित झालेला त्याचा आवाज २०१०च्या 'ट्रू लव्ह कास्ट आउट ऑल ईव्हिल' या मुद्रिकेत ऐकू येतो. रॉकी २०१९ साली वारला. त्याआधी, २०१५ साली, ऑस्टिनमध्ये एलिव्हेटर्स पुन्हा एकदा मंचावर आले. ज्या महोत्सवात ते वाजवीत होते त्याचे नाव, 'लेव्हिटेशन', त्यांच्याच एका गाण्यावरून ठेवलेले. गिटारवादक स्टेसी सदरलंड तेव्हा नव्हता; १९७८ साली तो गोळी लागून मरण पावला होता. हॉल होता, आणि त्याच्या हाती जगही होता.